फटीतून पाहिलेला बैल

आमच्या घराण्यातला पहिला कंपायलर मी. हे मला स्वतःला कळायला पंचवीस वर्षं लागली, आणि कळलं तेही पुतण्याकडून, पोह्यांवर लिंबू पिळता पिळता.

पुतण्या अविनाश पुण्याला संगणकाच्या कंपनीत आहे. जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटवर तो आला की घरातले सगळे त्याला तोच प्रश्न विचारतात, "तू नक्की करतोस काय?" आणि उत्तर ऐकून सगळे मान डोलावतात, म्हणजे पुढच्या खेपेला पुन्हा विचारायला मोकळे. या वेळी मी पोहे बाजूला ठेवून नीट ऐकलं. तो म्हणाला, "काका, माणूस आपल्या सोयीच्या भाषेत यंत्राला काम लिहून देतो. यंत्राला फक्त हो आणि नाही कळतं. मधे भाषांतर करणारा लागतो, तो कंपायलर. आमचं यंत्र शेकडो कामं एकाच वेळी शेजारी-शेजारी करतं. त्याच्या भाषेत लोक सारख्या नव्या खुणा, नव्या सोयी वाढवत असतात. त्या सगळ्या आमच्या कंपायलरला समजायला हव्यात. ते बघणं माझं काम."

"एवढंच होय?" मी म्हणालो. "हे तर मी तू जन्मायच्या आधी करत होतो. तेही एअरकंडिशनशिवाय."

स्वयंपाकघरातून आवाज आला, "झालं सुरू." आमच्या हिला माझ्या नोकरीच्या सगळ्या गोष्टी पाठ आहेत. तुम्हाला नाहीत, म्हणून तुमची आता सुटका नाही.

सोलापुरी चादर तुमच्या घरी असेलच. नसेल तर एका लग्नात आलेली दुसऱ्या लग्नात देऊन मोकळे झाला असाल. त्या चादरीवरचं फूल छापलेलं नसतं, विणलेलं असतं. मागाच्या डोक्यावर जकार्ड नावाचं एक धूड बसवलेलं असायचं. आमच्या जकार्डला चारशे हूक, आणि प्रत्येक हुकाच्या ताब्यात खालचे उभे धागे. आडवा धागा घेऊन धोटा एकदा इकडून तिकडे गेला, की तेवढ्या फेरीपुरतं चारशेच्या चारशे हुकांनी एकाच क्षणी ठरवायचं, वर उठायचं की बसून राहायचं. शेजारच्याला विचारायचं नाही, त्याचं बघून करायचं नाही. असे चारशे जण एका छताखाली मी त्यानंतर कुठेही पाहिले नाहीत.

उठा-बसायचा हुकूम देणारं असतं ते पुठ्ठ्याचं कार्ड. भोक असेल तर ऊठ, नसेल तर बस. धोट्याच्या एका फेरीला एक कार्ड. अशी हजारभर कार्डं दोरीनं ओवून माळ करायची, ती मागावर चढवायची. माळ फिरत राहते आणि खाली कमळ उमटतं.

कमळ काढायचं डिझाईन मास्तरांनी, बारीक चौकटींच्या कागदावर. त्याला ग्राफ म्हणत. लाल भरलेला चौकोन म्हणजे भोक, कोरा म्हणजे काही नाही. तो ग्राफ ओळीमागून ओळ वाचून कार्डात भोकं पाडणारा, तो मी. माझ्या मशीनला सगळे पियानो म्हणायचे, कारण बोटांनी कळा दाबायच्या आणि पायानं पेडल मारायचं. आईनं नातेवाइकांत सांगून टाकलं होतं की वसंता कारखान्यात पियानो वाजवतो. मंगळवेढ्याच्या मामांनी थोरलीच्या लग्नात वाजवशील का म्हणून पत्रही टाकलं होतं.

या धंद्यातला पहिला धडा मला ज्यानं शिकवला तो एकच वाक्य बोलला, "चित्राकडं बघायचं न्हाय." ऐकायला विचित्र, पण खरं आहे. चित्राकडे नजर गेली की मन पुढे पळतं. हे पान दिसतंय, म्हणजे इथं देठ असणार. आणि मग बोटं जे असणार ते पाडतात, जे आहे ते पाडत नाहीत. म्हणून आम्ही ग्राफवर एक लाकडी पट्टी ठेवायचो. पट्टीत एक फट, फटीतून फक्त एक ओळ दिसणार. ओळ वाचायची, भोकं पाडायची, पट्टी एक घर सरकवायची. मी मोर केले, कमळं केली, एकदा तर ताजमहाल केला, आणि चादर विणून होईपर्यंत त्यातलं एकही मी पाहिलेलं नव्हतं. याचा मला अभिमान होता. कशाकशाचा अभिमान असतो माणसाला.

आता नरसय्या मास्तर. आमचे डिझाईन मास्तर, पन्नाशीचे, पूर्व भागात राहणारे. घरी तेलुगू, कारखान्यात मराठी, आणि रागावले की दोन्ही एकदम. त्यांचा ग्राफ म्हणजे नमुना असे. लाल रंग रेघेबाहेर कधी सांडायचा नाही. तीन-चार कारखान्यांनी त्यांना बोलावून पाहिलं, पण ते मालकांना सोडून गेले नाहीत, आणि मालकही हे सगळ्यांना सांगत, मास्तरांसमोर सोडून.

एके दिवशी मास्तरांच्या ग्राफवर एका ओळीच्या टोकाला गोलात चार आकडा आला. मी विचारलं, "मास्तर, हे काय?"

"ही ओळ चारदा. सारखीच हाय की. मी चारदा रंगवत बसू?"

"मग कार्डं मी चारदा पाडायची?"

"तू तरुण हायेस की."

भाषेत सोय झाली, राबायचं मी. अविनाश म्हणतो, त्यांच्याकडेही अगदी असंच होतं. पंधरा दिवसांनी दुसरी खूण आली. मोठ्या चौकोनावर फुली. अर्थ, एवढा पट्टा जमिनीच्या, म्हणजे चित्रामागच्या नेहमीच्या साध्या विणीनं भरून घे. मग तिसरी, उभी दुहेरी रेघ. अर्थ, इथं आरसा आहे असं समज. डावीकडचं जसंच्या तसं उजवीकडे उलटं घे. कमळ म्हणजे दोन्हीकडे सारखंच, मग मास्तर अर्धंच काढणार. एकेरी रेघ असली तर मात्र नुसती जोड, उरलेला भाग दुसऱ्या कागदावर येतोय असं समजायचं.

या खुणा माझ्या डोक्यात बसाव्यात म्हणून मी एक वही केली. कुठली खूण आधी, कुठली नंतर, फुली आरशाच्या रेघेवरून पलीकडे गेली तर काय करायचं, सगळं लिहून ठेवलं. हे शेवटचं मी आधी लिहिलं नव्हतं, त्यामुळे एका चादरीतलं आख्खं फूल जमिनीत गडप झालं होतं. आणि आरशाच्या रेघेसाठी मी खराखुरा आरसा आणला. घरातला. ग्राफवर उभा धरायचा, फटीतून ओळ पाहायची, उजवी बाजू आरशात आयती तयार. त्या काळात मी आठ-आठ दिवस दाढी न करता हिंडायचो आणि आमची ही कुंकू अंदाजानं लावायची. शेजारणीनं तिला एकदा विचारलंच, "काय हो वहिनी, आज कुंकू भुवईला?"

खुणा वाढत गेल्या, वही फुगत गेली. मास्तर महिन्याला एक नवी खूण काढायचे, मी ती दोन दिवसांत पचवायचो. कारखान्यात माझं नाव झालं. "मास्तरांनी काहीही खरडू दे, वसंता काढतो." मास्तर आता आळसावले, चटावले, असं माझं पक्कं मत झालं होतं. रेघाही पूर्वीसारख्या राहिल्या नव्हत्या, लाल रंग घराबाहेर सांडायला लागला होता. मी मनातल्या मनात हसायचो, एवढा मोठा कारागीर, शेवटी कामचुकार निघाला. माझी पट्टी आणि माझी फट. एका वेळी एक ओळ.

मग नातेपुत्याचे आबासाहेब आले. मोठे बागायतदार, डोक्याला पटका, काखेत फ्रेम केलेला फोटो. आम्हाला वाटलं वडिलांचा असेल. फोटोत बैल होता. एका बाजूनं उभा, शिंगं रंगवलेली.

"हा आमचा हौश्या," आबासाहेब म्हणाले. "धाकटीचं लगीन हाय. आहेराला शंभर चादरी पायजेत. मधोमध हौश्या. पण त्यो हौश्याच दिसाया पायजे. दुसऱ्याचा बैल दिसला तर मी चादर घेनार न्हाय."

मालकांनी आठ दिवसांत नमुना दाखवतो म्हणून शब्द दिला. आणि नेमके त्याच आठवड्यात मास्तर ताप आला म्हणून घरी बसले. ग्राफ घरून पाठवतो म्हणाले. दोन दिवसांनी कारकुनाबरोबर एक कागद आला. त्याच्या उजव्या कडेला उभी दुहेरी रेघ. दुहेरी रेघ म्हणजे आरसा, वहीत पान तेरा. मी घरून आरसा आणला, पट्टी ठेवली आणि पियानो वाजवायला बसलो. पाच दिवसांत कार्डं तयार. ओवून झाली, मागावर चढली. मी स्वतःवर बेहद्द खूश होतो.

आता बैल विणला जातो पायाकडून. विणणाऱ्याला आधी चार खूर दिसले, बरोबर. मग चार पाय, बरोबर. मग पोट. तोंडं आली ती शेवटी. त्याला नंतर मालकांनी विचारलं, "अरे, तुला दिसलं नाही?" तो म्हणाला, "दिसलं की. म्हटलं गिऱ्हाइकाची हौस असंल."

आबासाहेबांसमोर चादर उलगडली तेव्हा मी मुद्दाम दारात उभा होतो, कौतुक ऐकायला. आबासाहेब उठले. चादरीच्या या टोकाला गेले, त्या टोकाला गेले. मग बोट ठेवून मोजलं.

"पाय चार. पायांचा हिशेब बरोबर हाय," ते शांतपणे म्हणाले. "तोंडं दोन. तेबी चालवून घेऊ, दोनीकडनं चरंल. पन मालक, ह्यो शेन कुटनं टाकनार?"

मालकांचा चेहरा माझ्या लाल चौकोनांसारखा झाला. आबासाहेब फोटो काखेत मारून निघाले. जाता जाता म्हणाले, "आठ दिवस आनी देतो. शेपूट असल्याबिगर बोलवू नका."

मालकांनी मला आत बोलावलं आणि ती चादर माझ्या अंगावर फेकली. "मास्तरांची चूक की तुझी, संध्याकाळपर्यंत मला सांग. ज्याची असेल तो उद्यापासून घरी. मुंबईहून शिकून आलेला एक डिझाईनवाला मला रोज भेटायला येतोय."

माझ्या हातात पुरावा होता. मी ग्राफ घेतला, गुंडाळी केली आणि छाती काढून मास्तरांच्या घरी निघालो. सायकलवर रस्ताभर मी बोलायची वाक्यं घोकत होतो. "मास्तर, दुहेरी रेघ तुमची आहे. मी फक्त हुकमाचा ताबेदार."

भर दुपार होती. दार उघडंच. मास्तरांच्या पत्नी लक्ष्मीअक्का दारातच भेटल्या. मला पाहून त्या बाजूला झाल्या नाहीत, आधी हळूच म्हणाल्या, "खिडकीत बसवलंय, वर कंदील पण लावलाय. तरी म्हणतात, कंदील लाव की."

आत मास्तर ग्राफवर वाकले होते. वाकले म्हणजे नाक कागदाला टेकलेलं. डाव्या हातात टाचणी. ते टाचणीनं एकेक घर टोचत होते, बोटानं ते टोचलेलं चाचपत होते, आणि मग तिथं लाल रंग लावत होते. बैलाचा मागचा अर्धा भाग होता तो. शेपूट, गोंड्यासकट.

मी उभा राहिलो. गुंडाळी काखेत. सगळी वाक्यं सायकलवरच राहिली.

"कोण, वसंता? हा बघ दुसरा कागद, झालाच. पहिल्याला जोड मारलीय."

"मास्तर, जोडीची रेघ एक असते. तुम्ही दोन मारल्यात."

ते थांबले. टाचणी खाली ठेवली. "एक मारली. उमटली का न्हाय, दिसलं न्हाय. म्हणून परत मारली."

एवढंच. दोन रेघांच्या मधे जेमतेम एका घराचं अंतर होतं. वहीत पान तेरा.

"कधीपासून?" मी विचारलं.

"पहिल्या गोलापासून की." ते हसले. "बारीक घरं भरताना डोळा दुखायचा. म्हणलं, जेवढी कमी भरावी लागतील तेवढं बरं. तू लई हुशार निघालास. खूण दिली की करतोस, विचारत न्हाईस. म्हणून तर आजपर्यंत निभावलं."

मी ज्याला आळस म्हणत होतो, तो दोन वर्षं माझ्यासमोर रोज मोठा होत गेलेला अंधार होता. आणि मी काय करत होतो? त्याची वही करत होतो, पानांना आकडे घालून.

"डॉक्टरला दाखवू या," मी म्हणालो.

"नको. चिठ्ठी मालकाकडं जाते. घरात सहा माणसं हायेत, वसंता." आणि मग, गुंडाळीचा आवाज ऐकून असेल, "ती दाखवायला चाललास का?"

मी शूर माणूस नाही. शूर असतो तर 'दाखवणार' म्हणालो असतो आणि पुढचं सगळं वेगळं झालं असतं. मी म्हणालो, "छे हो. तुम्हाला परत द्यायला आणली." आणि दुसरा कागद घेऊन आलो.

संध्याकाळी मालकांना सांगितलं, "माझी चूक. रेघ एकच होती, मला दोन दिसल्या."

मालकांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. घरी बसवायला हवं होतं, पण पियानो वाजवणारा दुसरा कुणी नव्हता आणि आठ दिवसांत शेपूट हवी होती. "डोळे तपासून घे!" ते ओरडले. "उद्या अर्ध्या दिवसाची रजा. डॉक्टरकडे जा. आणि हा बैल झाला की महिनाभर रोज दुपारनंतर कार्डं ओवायला बस."

दुसऱ्या दिवशी मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. समोरच्या तक्त्यावरची सगळ्यात खालची, मुंगीएवढी ओळ मी घडाघडा वाचली. डॉक्टर म्हणाले, "तुमचे डोळे उत्तम आहेत. तुम्हाला पाठवलं कुणी?" सोलापुरात त्या दिवशी ज्या दोन माणसांचे डोळे तपासायला हवे होते, त्यातला मी नक्कीच नव्हतो. दुसरे मालक म्हणायला हरकत नाही, त्यांनाही मास्तरांचं काही दिसत नव्हतं. पहिला घरी टाचणीनं घरं टोचत होता, आणि मी सायकलच्या रिकाम्या कॅरिअरकडे बघत परत आलो. त्यावर एक माणूस आरामात बसला असता.

हौश्या झाला. शेपटीसकट. आबासाहेबांनी चादरीसमोर उभं राहून "हौश्याच हाय!" म्हटलं आणि पटक्याच्या टोकानं डोळे पुसले. मी महिनाभर ओवणाऱ्या बायकांच्यात बसून कार्डं ओवली. त्यांनी मला 'बैलाचा बाप' नाव ठेवलं, ते कारखाना सोडेपर्यंत टिकलं. त्या दोन तोंडांच्या बैलाची चादर मात्र कुणी परत मागितली नाही. ती माझ्याकडेच राहिली.

त्यानंतर वर्षभर मी माझा धंद्यातला पहिला धडा मोडला. पट्टी काढली आणि चित्र बघायला लागलो. मास्तर खुणाही नीट काढेनासे झाले, तेव्हा मी म्हणालो, बोला नुसतं. ते माझ्या मशीनजवळ स्टुलावर बसून सांगायचे, "हितं त्या मागच्या मोराचा पिसारा, पण तीन घरं आखूड," आणि मी ग्राफ भरायचो. मालक आले की मास्तर हातात ब्रश धरायचे. आमची ही सोय इतकी बेमालूम होती की मुंबईहून शिकून आलेला तो डिझाईनवाला कंटाळून इचलकरंजीला निघून गेला. मला वाटायचं, जिंकलो.

मग एका दुपारी मास्तर ओवलेल्या कार्डांच्या ढिगाला अडखळून पडले. ढीग नेहमीच्या जागेवरच होता. मालकांनी स्वतः त्यांना गाडीत घालून त्याच डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर येत नाही, पण वर्षभर आधी आला असतात तर होती तेवढी राखता आली असती. मालकांनी मास्तरांना घरी बसवलं, आणि त्यांच्या थोरल्याला नोकरीवर घेतलं. म्हणजे सहा माणसांचं काही बिघडणार नव्हतं. हे आधीच विचारलं असतं तरी मालकांनी बहुधा असंच केलं असतं. विचारलं कुणी नाही.

त्या अंधाराला ते एक वर्ष मीच दिलं होतं.

पोहे गार झाले होते. मी अविनाशला विचारलं, "तुझ्या कंपायलरला लिहिलेल्यात चूक दिसली, तर तो काय करतो?"

"थांबतो, काका. ओळ दाखवतो आणि पुढं जात नाही. भाषेत कितीही सोयी वाढवल्या तरी ते पहिलं काम."

"सांभाळून घेत नाही?"

"सांभाळून घेतलं तर सगळ्यात वाईट. मग चूक कुठंतरी लांब जाऊन फुटते."

त्या दुपारी मी कपाटातून चादर काढली आणि मास्तरांकडे गेलो. आता ते पंच्याहत्तरीचे आहेत. अक्का अजून कडक चहा करतात. इतक्या वर्षांत ही चादर मी त्यांच्याकडे कधी नेली नव्हती. लाज वाटायची. त्यांच्या मांडीवर पसरली आणि म्हणालो, "ओळखा."

त्यांची बोटं खुरांवरून चढत गेली. पाय, पोट, मान, तोंड. मग पलीकडे गेली. मान, तोंड. मास्तर इतके हसले की अक्का आतून आल्या.

"हीच होय ती!" मास्तर म्हणाले. "आन शेन कुटनं टाकनार म्हणाले होते, नाही का?"

"मास्तर," मी म्हणालो, "त्या दिवशी मी मालकांना खरं सांगायला हवं होतं. तुमचे डोळे—"

त्यांनी हात वर करून मला गप्प केलं. मला वाटलं, आता काहीतरी मोठं बोलतील. पण त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. उजव्या बाजूच्या शिंगावर त्यांचं बोट अडलं होतं. ते मागे आलं, पुन्हा त्याच जागी गेलं. मग डाव्या शिंगावर जाऊन तपासून आलं.

"हितं एक भोक चुकलंय."

"असेल. ग्राफमध्येच—"

"ग्राफमध्ये न्हाय. डावं शिंग माझं, ते बरोबर हाय. उजवं आरशातलं. ते तुझं."

मी चष्मा पुसून वाकलो. पंचवीस हिवाळे मी ही चादर अंगावर घेऊन झोपलोय. उजव्या शिंगाच्या टोकाशी खरंच एक धागा जिथं बसायला हवा होता तिथं उठला होता, डाळीएवढाही नाही.

"खरंय," मी म्हणालो. "मला कधी दिसलंच नाही."

मास्तरांनी चादरीची घडी घातली, कडेला कड अचूक जुळवून, आणि माझ्या हातात दिली.

"डोळे तपासून घे की, वसंता," ते म्हणाले.